मिंट २२ वर उडी आणि बाबांची 'वाषिर्क सभा'

तर मंडळी, घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) २१.३ काढून २२ आलं आणि तिथून लगेच २२.२ पण झालं. एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपवालं. मशीन तेच जुनं, तिसऱ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकल्यापासून मस्त पळतंय. विंडोज ११ ला मात्र हे चालत नाही, त्यांना टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना ती अट काढून टाकता येते हे माहितीये, पण उद्या एखाद्या मोठ्या अपडेटला ते अडकलं की बाबा मलाच हाक मारणार, त्यामुळे तो नाद सोडला.

बाबा इतके दिवस याच मशीनवर, मिंटच्या शेजारी असलेल्या विंडोज १० मध्ये बसायचे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभर सिक्युरिटी अपडेट वाढवून घ्यायची सोय होती, पण मग ऑक्टोबर २०२६ ला परत तेच रडगाणं. खरं तर मिंट २१ ला पण एप्रिल २०२७ पर्यंत सपोर्ट होता, म्हणजे घाई काही नव्हती, पण बाबांना एकदाच काय ते नवीन शिकवायचं आणि मग २०२९ पर्यंत हात लावायचा नाही असा माझा हिशोब.

अपग्रेडबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आधी २१.३ वर असावं लागतं, त्याच्या खालून थेट उडी मारता येत नाही. मिंटअपग्रेड हे त्यांचंच टूल टाकलं की ते आधी सगळं तपासून घेतं, टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिम मागे नेता येईल अशी प्रत) नसेल तर पुढे जाऊ देत नाही, बाहेरच्या पीपीएमधून (मिंटच्या नसलेल्या सॉफ्टवेअर-साठ्यांमधून) आलेली पॅकेजेस कुठली ते दाखवतं आणि मग कामाला लागतं. (टाइमशिफ्ट होम फोल्डरचा बॅकअप घेत नाही हो, निदान जसं येतं तसं तरी नाही, फोटो-बिटो वेगळे काढून ठेवा.) जेवण होईपर्यंत बहुतेक काम उरकलं होतं. आवाज आता पल्सऑडिओऐवजी पाइपवायरवर गेलाय, मला वाटलेलं ब्लूटूथ हेडफोन रुसणार, पण उलट आधीपेक्षा पटकन जोडला जातो. लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखं, पण फुकट) ७.३ वरून २४.२ झालं, म्हणजे मध्ये काही गाळलेलं नाही, त्यांनी आकडे आता वर्ष आणि महिन्यावर नेलेत.

खरा वेळ खाल्ला तो बाबांच्या फायलींनी. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, आणि गेल्या कित्येक वर्षांची इतिवृत्तं त्यांनी वर्डमध्ये त्या जुन्या डीटीपी फाँटात टाइप केलेली, म्हणजे युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली. लिबरऑफिसमध्ये उघडली तर सगळा डॉलर, टिल्डा आणि एस-झेडचा पसारा. बाबा मागे उभे, "अरे, माझं इतिवृत्त खाल्लं की काय तुझ्या लिनक्सनं?" म्हटलं, बाबा, पाच मिनिटं द्या. फाँटची टीटीएफ फाइल जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून उचलली, होममधल्या लपलेल्या .लोकल, शेअर, फाँट्स या फोल्डरमध्ये टाकली, फाँटची यादी ताजी करणारी एफसी-कॅश ही कमांड चालवली, लिबरऑफिस परत उघडलं आणि मजकूर जसाच्या तसा दिसायला लागला. बाबा खूश.

मी खूश नाही, कारण शोधता काहीच येत नाही. 'पाण्याची टाकी' शोधलं तर शून्य. म्हणून युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं आणि पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला बसलो. नुसतं या चिन्हाला हे अक्षर असा तक्ता करणं सोपं आहे, फक्त लांब जोड्या आधी बदलायच्या आणि सुटी चिन्हं नंतर, नाहीतर अर्ध्या अक्षरांचा गोंधळ होतो. घोळ आहे तो क्रमाचा. जुन्या फाँटात दिसतं तसं टाइप होतं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, आधी अक्षर मग वेलांटी, आणि रफाराचा र् अक्षराच्या आधी. 'स्थिती' मध्ये वेलांटी नुसत्या 'स्' च्या पुढे नेऊन भागत नाही, आख्खं 'स्थ' ओलांडायला लागतं.

आणि सोसायटीच्या कागदात सगळ्यात जास्त येणारा शब्द कुठला, तर 'वार्षिक'. त्यात दोन्ही आहेत! वेलांटी ष च्या पुढे सरकवली की रफार तिच्या मागे अडकतो, मग तो परत आणताना वेलांटी आणि ष दोन्ही ओलांडून आणायचा. नेटवरून घेतलेली तयार स्क्रिप्ट एवढं करत नव्हती, त्यामुळे सगळीकडे 'वाषिर्क सर्वसाधारण सभा' आणि 'आथिर्क अहवाल'. जुन्या मराठी बातम्या ऑनलाइन वाचल्या असतील तर हे 'आथिर्क' प्रकरण ओळखीचं वाटेल, त्याचं मूळ हेच. ती एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधून बदलायचा नियम) नीट लिहिली आणि निम्म्या चुका एका फटक्यात गेल्या.

मग 'कर्मचाऱ्यांचा बोनस'. इथला आडवा र जुन्या फाँटात वेगळंच चिन्ह आहे, त्याला ऱ अधिक हलन्त द्यायचं, साधा र दिला तर 'कर्मचार्यांचा' होतं आणि डोळ्याला टोचतं. आणि 'ॲडव्हान्स' शोधलं तर सापडेना, कारण स्क्रिप्ट अ वर चंद्र लावत होती आणि मी कीबोर्डवरून एकसंध ॲ टाइप करत होतो. तो ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्यामुळे जुन्या मजकुरात दोन्ही प्रकार सापडतात. दिसायला सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. सरसकट एकच करून टाकला.

आता बाबा सर्चमध्ये 'थकबाकी' टाकतात आणि कुठल्या साली कोणी किती दिवस मेन्टेनन्स भरला नव्हता ते मोठ्याने वाचतात. आई म्हणते हे बंद कर आधी. टायपिंगला त्यांना आयबसमधून (लिनक्सवरची भाषा-टायपिंगची सोय) इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड लावून दिलंय, जुन्या सवयीमुळे ण आणि ळ ला अजून हात अडखळतो, चालायचंच.

प्रिंटर राहिलाय. जुना यूएसबीवाला लेझर आहे, कंपनीच्या बंद ड्रायव्हरशिवाय हलत नाही आणि तो ड्रायव्हर नव्या सिस्टिमवर बसायला तयार नाही. तूर्तास पीडीएफ करून मोबाइलवर टाकतो आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणतो. नवीन घेताना ड्रायव्हरशिवाय चालणारा, आयपीपीवाला (छपाईची सामाईक पद्धत समजणारा) बघूनच घेणार, तुम्हीही तेच करा.

पुढचा नंबर कपाटातल्या ॲटम एन२७० च्या नेटबुकचा. तो नुसता ३२ बिट, मिंट २२ त्याच्यावर नाहीच, आणि ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन (आणखी एक लिनक्स) १३ ने पण ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. म्हणून तिथे डेबियन १२ टाकतोय, एलटीएस (वाढीव सपोर्ट) धरून २०२८ पर्यंत चालेल. दरम्यान कुणाकडे जुन्या डीटीपी फाँटांचे अक्षर-तक्ते तयार असतील, विशेषतः क्ष, ज्ञ, श्र आणि त्या दोन-तीन प्रकारच्या अनुस्वारांचे, तर कळवा, माझ्या तक्त्यात तेवढी भोकं आहेत.