खालच्या बाथरूमची किल्ली

रविवार, रात्री दहा

पालख्या पुण्यातून पुढे गेल्याला आज आठवडा झाला. माउली फलटणच्या आसपास असतील, तुकोबा इंदापूरच्या वाटेवर. आमच्या पार्किंगच्या फरशीवर बुक्क्याचा एक डाग अजून आहे. तो पुसायचं कुणी मनावर घेतलेलं नाही, मलाही पुसवत नाही.

आज सकाळी खालचं बाथरूम घासलं. लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

निवडुंग्या विठोबापासून आमची सोसायटी चालत दहा मिनिटांवर. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथे, माउलींचा भवानी पेठेत. त्या दोन दिवसांत आमच्याकडे ऐंशी-नव्वद वारकरी उतरतात. करोनाची दोन वर्षं सोडली तर यात खंड नाही. पिठलं-भात, सकाळी पोहे, पाय चोळायला तेल. कोपऱ्यावरचे एक काका दिवसभर चपला शिवत बसतात आणि पैशाला हात लावत नाहीत. घराघरातली बाथरूमं उघडी असतात. चौथ्या मजल्यावरच्या काकू एरवी कुरियरवाल्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, पण या दोन दिवसांत अनोळखी बायकांना स्वतः गरम पाणी काढून देतात. वॉचमनच्या खोलीशेजारचं बाथरूम वर्षभर बंद असतं, तेही बायकांसाठी उघडतो.

यंदा परभणीकडची एक आजी जेवण झाल्यावर माझ्या पाया पडायला वाकली. मी चटकन मागे सरकलो. तर म्हणते, “माउली, मागं कामून सरकता? मला आनखी खाली वाकावं लागतंय ना. गुडघे गेलेत माझे.” सगळे हसले. मग मी निमूट उभा राहिलो, ती पाया पडली, मी तिच्या पडलो. रात्रभर छान वाटत होतं. आपल्यातलं काहीतरी धुऊन निघालं, असं.

सोमवारी सकाळी त्या बाथरूमला कुलूप मीच लावलं.

मंगळवारी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी विचारलं, “काका, ते खालचं बाथरूम उघडंय का अजून?” म्हटलं, नाही, ते वारीपुरतं होतं. “बरं,” म्हणाल्या आणि ढकलगाडी घेऊन पुढच्या बिल्डिंगकडे गेल्या. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणूनच पाणी पीत नाहीत त्या. मी तीनदा चहा विचारला, तीनदा नको म्हणाल्या.” मला आजवर ती त्यांची भीड वाटत होती. साडेसहाला घर सोडायचं, दुपारी एकपर्यंत आमच्या गल्लीतली दारं घ्यायची, आणि मधे जायला एक जागा नाही. कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे, त्यांच्या मोर्चाचे फोटो मी पेपरात पाहिलेत, कौतुकही केलंय. कौतुकाला खर्च येत नाही.

वारकऱ्याला देव मानणं तसं सोपं आहे. तो दोन दिवसांनी निघून जातो. ताई रोज येतात, आणि रोज येणाऱ्याला माउली म्हटलं की पुढचं सगळं रोज करावं लागतं.

गुरुवारी आमच्याकडे हरिपाठ असतो. सात-आठ टाळकरी, त्यातले निम्मे कमिटीवरचे. हरिपाठ संपल्यावर विषय काढला. पाण्याचं बिल वाढेल, सेफ्टीचं काय, घाण कोण साफ करणार, आज एक बाई तर उद्या सगळी गल्ली येईल. सेक्रेटरी म्हणाले, “वारीची गोष्ट वेगळी. ती सेवा आहे.” मला उत्तर सुचलं ते जिना उतरताना. तिथे मी “बघा बुवा” एवढंच म्हणालो. दरवर्षी वारकऱ्यांसमोर माईक घेऊन पाच मिनिटं बोलणारा माणूस मी. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाबाहेर, हे सांगतो. वाटभर एकमेकांच्या पाया पडत गेलेल्यांतल्या काहींना देवळाच्या दारात अडवलं जायचं आणि ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, हेही सांगतो. लोक टाळ्या वाजवतात.

ठरलं ते असं: कुलूप राहील, किल्ली वॉचमनमामांच्या खिळ्याला, लागेल तेव्हा मागून घ्यायची. साफसफाई, ज्याने विषय काढला त्याने, म्हणजे मी, दर रविवारी. हे शेवटचं थट्टेत ठरलं, पण मिनिट्समध्ये लिहिलं गेलं.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडाससफाईचं काम मागून घ्यायचं ठरवलं. ते नाकारलं म्हणून १९३२ साली उपोषण केलं, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. हे काम मिळावं म्हणून उपवास! माझ्यावर ते थट्टेत आलं तर शनिवारी रात्री झोप नीट लागली नाही. लोक काय म्हणतील, कुणी पाहील का. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

सकाळी सहालाच उरकलं, म्हणजे खरं तर लपून. वाटलं होतं, घासताना तोंडात आपोआप नाम येईल. आलं नाही. फिनेलचा वास नाकात गेला, कंबर धरली, कोपऱ्यातला पिवळा डाग काही निघाला नाही, त्याला ॲसिड आणावं लागेल. मामा दारात उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “साहेब, ब्रश उलटा धरलाय.”

त्यांनाच विचारलं, ताई किल्ली मागतात का. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. “मागतील कशा? माझ्याकडं? बाईमाणूस हाय.” हे गुरुवारी आम्हा आठ जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आठही पुरुष.

संध्याकाळी मंडईजवळ जाऊन दुसरी किल्ली करून आणली. बायकोने तिला लाल दोरा बांधलाय, म्हणजे हरवणार नाही. उद्या ताई आल्या की ती देणार आहे. ती म्हणाली, तुम्ही मधे पडू नका.

सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.