दोन केमोंच्या मधला आठवडा: नाशिकला, पण काहीही न बघायला

जानेवारीत आम्ही नाशिकला जाऊन आलो. तीन घरं, प्रत्येक घरात एक पेशंट. ओळख हॉस्पिटलच्या डे केअरमधली, म्हणजे दिवसभरात केमो घेऊन घरी जायच्या वॉर्डातली. सलाइन चालू असताना शेजारी बसून आधी डबे वाटून खाल्ले, मग फोन नंबर घेतले, मग एकमेकांचे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, तोंडपाठ झाले. ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उल्हासनगरच्या वहिनींच्या मिस्टरांना लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. तिसरी ठाण्याची मुलगी. मुलगी म्हणायचं आपलं, तिचाच मुलगा सहावीत आहे. तिची ब्रेस्टची सर्जरी आणि केमो उरकून आता नुसत्या गोळ्या चालू आहेत.

कल्पना माझ्या अमेरिकेतल्या भाचीची. तिकडे नॉर्थ कॅरोलिनात ‘लिटल पिंक हाउसेस ऑफ होप’ नावाची, 2010 मध्ये स्थापन झालेली संस्था ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटना घरच्यांसकट आठवडाभर समुद्रकाठी नेते, तेही फुकट. आपल्याकडे राहायची सोय असते ती उपचारांसाठी. परळला टाटाच्या आसपासच्या धर्मशाळा, लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूडची घरं. त्या नसत्या तर किती जणांनी फुटपाथवर पथारी टाकली असती. पण नुसती विश्रांती, आणि तीसुद्धा पेशंटबरोबर रात्र-रात्र जागणाऱ्याला, हवी असेल तर आपली आपणच जमवावी लागते.

नाशिक का, तर गाडीने तीन-चार तासांत पोचता येतं, हवा कोरडी आहे आणि गावात कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत. हे तिसरं कारण खरं तर पहिलं. निघायच्या आधीच एक हॉस्पिटल ठरवून, तिथे चोवीस तास इमर्जन्सी आहे ना हे फोनवर विचारून ठेवलं होतं. बंगल्यावर पोचल्यावर मुलाने तिथपर्यंत एकदा गाडी नेऊन रस्ता पाहून घेतला. हे कराच. रात्री दोनला नकाशा उघडून बसायची ती वेळ नसते.

तारीख कॅलेंडरवर नाही, केमोच्या सायकलवर ठरवायची, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतच्या दिवसांवर. ह्यांची आणि वहिनींच्या मिस्टरांची, दोघांचीही सायकल एकवीस दिवसांची. पहिला आठवडा मळमळीचा, दुसऱ्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तिसऱ्यात माणूस जरा माणसात येतो. तो तिसरा आठवडा आम्ही धरला. दोन दिवस आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, केलं, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला आणि ‘जा’ म्हणाल्यावरच बॅगा भरल्या. बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. काउंट पडले तर मुकाट्याने घरी बसायचं. ह्यांच्या हाताला पिक लाइन आहे, म्हणजे औषधासाठी दंडातून आत मोठ्या शिरेपर्यंत घातलेली नळी. तिचं आठवड्याचं ड्रेसिंग आणि फ्लशिंग (नळी आतून धुणं) निघायच्या आदल्या दिवशी करून घेतलं. आणि बरोबर थर्मामीटर. ताप 100.4 फॅरेनहाइटला टेकला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. फाइल, केमोचा चार्ट आणि शेवटचा सीबीसी कागदावरही हवा आणि फोनमध्येही.

जाताना समृद्धीने गेलो. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची वळणं टळतात, आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट वर इगतपुरीला. ओकारीची भीती असलेल्याला हा फार मोठा दिलासा. फक्त महामार्गावर चढायच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्या. ठाण्याची मंडळी वंदे भारतने आली. नाशिकरोड स्टेशन गावापासून लांब आहे, पुढची टॅक्सी आधी सांगून ठेवा. रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत अशा प्रवासाला चालत नाही, ती उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाण्यायेण्याची आहे.

उतरलो गंगापूर धरणाच्या बाजूला, एका बंगल्यात. बंगला शोधताना स्विमिंग पूल कुणी विचारला नाही. आमचे प्रश्न वेगळे: तळमजल्यावर किती खोल्या, कमोड आहे का, इन्व्हर्टर आहे का, स्वयंपाकघर वापरता येईल का, शेजारी लग्नाचा लॉन आहे का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, डीजेपुढे झोपेच्या गोळीचं काही चालत नाही. पहिल्या एका मालकांनी सगळं कबूल केलं होतं, पण कॅन्सर म्हटल्यावर आवाज बदलला. ‘तसं नाही हो, पण चादरी वगैरे...’ लागण होत नाही, हे सांगून पाहिलं. मग फोन ठेवला. आजार लपवून बुकिंग करू नका, ऐन वेळी तोंडावर ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेलं बरं. दुसरे मालक म्हणाले, ‘आमच्या आईला होता,’ आणि गरम पाण्याची जास्तीची किटली आणून दिली.

ती किटली सोन्यासारखी. ह्यांना ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू आहे. ज्यांच्या घरी हे औषध येऊन गेलंय त्यांना थंडीचं वेगळं सांगायला नको: गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो, थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या. पहिले काही दिवस हे जोरात असतं, पण सायकली वाढत जातात तसं मागे रेंगाळतं. आणि नाशिकची जानेवारीतली पहाट म्हणजे दहाच्या खालीच समजा. निफाडकडे तर त्याहून कमी. हे सकाळी हातमोजे घालून फ्रीजमधून दुधाची पिशवी काढत. ऊन चढेपर्यंत नाकातोंडावर मफलर, आंघोळीपासून चुळेपर्यंत सगळं कोमट. ज्यांच्या औषधांत हे नाही त्यांना जानेवारी झकास आहे. आहे त्यांनी फेब्रुवारी धरावा.

बघायचं काय? जवळजवळ काही नाही, असं आधीच ठरलं होतं. पांडवलेणी पायऱ्यांमुळे बाद. सीतागुंफेत वाकून आत सरकावं लागतं, हवा कोंदट, बाद. रामकुंडावर गर्दी आणि पाणी. पिक लाइनवाल्याने नदीत पाय घालायचाही मोह धरू नये. एका सकाळी, ऊन आल्यावर, नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), 2020 सालचं. इथे येणं म्हणजे खुर्ची टाकून दुर्बीण डोळ्याला लावणं, चालायचं फारसं नाही. गोळ्यांनी ह्यांचे तळपाय सोलवटलेत, त्यांना हे मानवलं. पाठीला उशी, डोक्यावर टोपी, आणि निवांत बदकं.

आता मुख्य गोष्ट. रोज एका काळजी घेणाऱ्याची सुट्टी, हा आमचा नियम होता. आदल्या रात्री झोपतानाच त्याने गोळ्यांचा डबा आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेशंटला ‘पाणी प्यायलात का?’ एवढंही विचारायचं नाही. जेवताना रिपोर्टचा विषय बंद. वहिनींची सुट्टी आली तेव्हा त्या सवयीने पहाटे तीनला उठून मिस्टरांच्या कपाळाला हात लावायला गेल्या. माझ्या मुलाने दारातच अडवलं, ‘काकू, ड्युटी माझी आहे, आत्ताच पाहिलं, अठ्ठ्याण्णव.’ मग अकरापर्यंत झोपल्या. माझ्या सुट्टीत मी रिक्षाने गावात जाऊन एकटीने मिसळ खाल्ली. घरी तोंड आलेल्या माणसासमोर लाल तर्रीचं नावही काढवत नाही. इथे मी जास्तीची तर्री मागितली, वरून आणखी एक पाव. समोरच्या टेबलावरचं बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं, बहुतेक नाकातोंडातून पाणी वाहत होतं म्हणून.

हे नातेवाइकांबरोबर जमत नाही, माझं स्पष्ट मत. नातेवाईक प्रेमानेच येतात, पण गोळ्यांचा डबा हातात घ्यायला बिचकतात आणि गोमूत्राचा विषय काढतात. त्याच वाटेवरची माणसं असली की समजावून सांगायचं काही उरत नाही. मुलांचंही तेच. ठाण्याच्या मुलाला वहिनींच्या नातीने ओट्यावर बसून विचारलं, ‘तुझ्या आईचे केस परत आले?’ ‘आले. पण कुरळे.’ ‘माझ्या आजोबांना कुरळे नकोत,’ ती म्हणाली. आम्ही आत भाजी निवडत होतो, कुणी काही बोललं नाही.

खाण्याचं: स्वयंपाकाला गावातल्या एक मावशी होत्या. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस पेशंटना वर्ज्य. द्राक्षांचा हंगाम तेव्हा नुकताच सुरू होतो आणि नाशिकला येऊन द्राक्षं नाहीत म्हटलं तर माणूस रुसतोच. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, आणि हो म्हणाले तर एकेक मणी सुटा करून वाहत्या पाण्यात चोळून धुवा.

वार मधले घ्या, सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी धरणाकडच्या रस्त्यावर वायनरीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आणि 2027 च्या पावसाळ्यात सिंहस्थाची स्नानं आहेत, तेव्हा पेशंटला घेऊन नाशिकचा विचारच करू नका. ते वर्ष इगतपुरीला काढा.