रेन चेक म्हणजे छत्री नव्हे

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. इंग्रजी वाचा-लिहायला कधी अडलं नाही. अडलं ते संध्याकाळी साडेसातच्या अमेरिकेच्या कॉलवर.

जुलै होता. डेमोचा विषय निघाला तसा समोरचा म्हणाला, ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ इकडे पाऊस कोसळत होता, वाकडच्या पुलापर्यंत गाड्या तुंबलेल्या. मला वाटलं, गडी आपुलकीने चौकशी करतोय. सांगितलं, जोरात चालू आहे, पण लाइट गेलेली नाही, काळजी नको. दोन सेकंद शांतता. मग टीम लीडने मला म्यूट केलं.

तो डेमो पुढे ढकला म्हणत होता! पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला की प्रेक्षकाला तिकिटाचा तुकडा दाखवून नंतरचा सामना बघता यायचा. तो तुकडा म्हणजे रेन चेक.

त्याआधी अप्पा बळवंत चौकातून वाक्प्रचारांचं पुस्तक आणून मी ‘ए’पासून घोकंपट्टी चालवली होती. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचं साफ. शिवाय त्यातलं मांजरं-कुत्र्यांचा पाऊस पडणं मी आजवर एकाही क्लायंटच्या तोंडून ऐकलेलं नाही. पुस्तक ठेवून दिलं आणि वहीत खेळांप्रमाणे पानं पाडली. बेसबॉलचं पान भराभर भरलं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. मी बिचारा पाव-पाव तासाचा हिशोब पाठवत होतो. ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेलं काहीतरी. खेळ डोळ्यांसमोर आला की अर्थ चिकटतो. ‘स्टिकी विकेट’ला तर घोकावंच लागलं नाही. उघड्या पिचवर पाऊस, वर ऊन, आणि बॅट्समनची पंचाईत.

‘शूट’ म्हणजे ‘विचार की’, ‘माय बॅड’ म्हणजे ‘चुकलं माझं’, ही किरकोळ मंडळी ऐकून ऐकून आली.

खरा घोळ इंग्लंडच्या प्रोजेक्टवर झाला. ‘टेबल’ करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, हे अमेरिकनांकडून पक्कं शिकलो होतो. तिथल्या मॅनेजरबाई ‘लेट्स टेबल इट’ म्हणाल्या आणि मी फाइल बंद केली. ब्रिटिश इंग्रजीत अर्थ नेमका उलटा: विषय चर्चेला घ्या. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा बराच वेळ वाद झाला आणि शेवटी कळलं की दोघांना एकच हवंय, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. म्हणजे मी एकटाच नव्हतो.

त्या दिवशी मागून कोणीतरी ‘पोपट झाला!’ म्हणालं आणि सगळी रूम हसली. बाईंनी अर्थ विचारला. फजिती, मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, ‘पण पोपटच का?’

मला अजून उत्तर सापडलेलं नाही.