बोटीवर शब्द एकाचाच

२५ जुलै २०२४, गुरुवार. पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत येणारं पाणी ३५ हजार क्युसेकवर गेलं होतं. सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठून बघतात तर पार्किंग पाण्याखाली. मी अग्निशमन दलात तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या आहे. त्या दिवशी रबरी बोटीचा ताबा माझ्याकडे होता.

बोट पाण्यात टाकण्याआधी मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो, लाइट बंद केलीय ना? त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला होता. पुरवठा तोडल्याचा निरोप पक्का झाला, मगच हललो.

धरणात बोट चालवणं वेगळं आणि सोसायटीच्या गल्लीत वेगळं. पाण्याखाली दुचाक्यांची हँडलं, कंपाउंडच्या ग्रीलची टोकं, वाहून आलेले कपडे. पात्यात एखादी साडी गुंडाळली गेली की इंजिन बंद पडलंच समजा. म्हणून आत शिरताना आम्ही इंजिन वर उचलून ठेवतो, सगळी भिस्त वल्ह्यांवर आणि दोरावर. खरा धोका गल्ली नदीकडे उघडते त्या कोपऱ्यावर. तिथं पाणी बाजूनं येतं. बोट आडवी झाली तर खांबाला दाबली जाते आणि पाणी आत घुसतं. तोंड प्रवाहाकडेच ठेवायचं, दोर ढिला सोडायचा नाही. हे सांगणारा आवाज बोटीवर एकाचाच हवा. चौघं चार सूचना द्यायला लागले की बसलेली माणसं घाबरून उभी राहतात, आणि बोट उलटायला तेवढं पुरतं.

पहिल्याच इमारतीच्या जिन्यात पाच-सहा जण उभे होते. बोट तिकडे नेत असताना मागच्या इमारतीतून हाक आली. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले आजोबा, ऑक्सिजनच्या मशीनवर. लाइट गेल्यामुळे मशीन बंद.

मी बोट वळवायला सांगितली. जिन्यातल्या एक काकू कळवळून म्हणाल्या, “अहो दादा, पहाटेपासून उभे आहोत. लहान पोरं आहेत.”

“काकू, तुमचा जिना कोरडा आहे. पोरांना घेऊन एक मजला वर जाऊन थांबा. मी येतो.”

बोटीत जागा होती, दोघं-तिघं सहज बसली असती. पण आजोबांना आडवं ठेवायचं होतं, सून सोबत, शिवाय आमचे जवान. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आकड्याच्या भरवशावर वाहत्या पाण्यात माणसं भरत नाहीत. कोण आधी, कोण नंतर, हे ताबा असलेल्यानं ठरवायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. या कामात मला यापेक्षा जड काही वाटत नाही.

आजोबांना चादरीत घेऊन जिन्यावरून उतरवलं. बोटीच्या तळाशी मधोमध निजवलं, डोकं सुनेच्या मांडीवर थोडं उंच. ओठ निळसर पडले होते. ती माउली सारखी म्हणत होती, “बाबा, श्वास घ्या, मोठा घ्या.” कोपऱ्यावर बोट एकदा बाजूला ओढली गेली. दोन्ही जवानांनी दोर कमरेवर घेतला, मी वल्हं भिंतीला टेकवून तोंड सरळ केलं. पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती.

परत गेलो तेव्हा काकू वरच्या पायरीवर थांबल्या होत्या. पोरांना आधी दिलं. आपण बोटीत पाय टाकण्याआधी त्यांनी विचारलं, “त्या आजोबांना ऑक्सिजन लागला का हो?”

“लागला,” म्हटलं, आणि जॅकेटचे बंद आवळून त्यांना मध्ये बसवलं.