आषाढातली सत्तरी: फोंडा, तांबडी सुर्ला, वाळपई आणि चोर्ला घाट

जुलैच्या शेवटी पुण्याहून मैत्रीण आली. श्रावण लागायला दोन दिवस होते. शाळेपासूनची आमची जोडी, दोघीही गोव्यातल्या फोंड्याच्या. लग्नानंतर ती पुण्याला गेली आणि दर वेळी पाहुण्यांना घेऊन कळंगुटला जाऊन जाऊन कंटाळली. म्हणाली, "अगं, आपला डोंगर बघायचाय. पावसात." मी गाडी काढली. दोन दिवस, एक मुक्काम वाळपईला.

आधी नावांचा घोळ सांगते, कारण त्यात माणसं खरोखर चुकतात. केरी सत्तरी तालुक्यात आहे, पेडण्यात आहे आणि आमच्या फोंडा तालुक्यातही आहे. सुर्ला तीन: तांबडी सुर्ला, डिचोलीतलं सुर्ला आणि चोर्ल्याजवळचं, डोंगरावरचं सुर्ला. अंजुणे धरण आणि हणजुण्याचा समुद्रकिनारा यांचा तर एकमेकांशी काही संबंध नाही. मोबाइलवर नुसतं 'केरी' टाकलंत तर तो तुम्हाला सरळ तेरेखोलच्या तोंडाशी नेऊन सोडेल. म्हणून तालुक्यासकट शोधा आणि नकाशा घरूनच उतरवून घ्या. मोलेच्या पुढे जंगलात रेंज मिळत नाही.

सकाळी सातला निघालो. उसगावला अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोणाक (रस्सा) आणि गरम उंडे (गोल पाव) खाल्ले. पोटभर खाऊनच निघा, कारण पावसाळ्यात पुढची बरीच छोटी हॉटेलं बंद असतात किंवा दुपारी तीननंतर चूल विझवतात. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं, स्वच्छतागृह मिळेल तिथेच जाऊन घ्यावं. पुढचं पुढे बघू म्हटलं की पंचाईत होते.

मोलेहून तांबडी सुर्ला साधारण 13 किलोमीटर. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडी, वर आभाळ दिसतच नाही. महादेवाचं देऊळ कदंब काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसॉल्टचं. हा दगड इथला नाही, तो घाटावरून आणला असं मानतात. कोरड्या दिवसांत मी हे देऊळ चार-पाच वेळा पाहिलं होतं, पण पावसात भिजलेला तो दगड वेगळाच. शाई ओतल्यासारखा काळा. मंडपाच्या छतातलं कमळ बघायला मैत्रीण मान वर करून उभी राहिली ती राहिलीच. मधोमध बसलेल्या नंदीला डोकं नाही. बाहेर पाऊस इतका की देवळामागच्या नदीचा आणि पावसाचा आवाज वेगळा काढता येईना. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा चपला काढल्यावर पावलं सांभाळून टाका. नदीत मात्र उतरू नका. वर डोंगरात किती पडतोय ते खाली उभ्या माणसाला कळत नाही.

ते आम्हाला तासाभरातच कळलं. तिथून आतल्या रस्त्याने वाळपई गाठायची असं ठरलं होतं. वाटेत एका साकवावर पाणी आलेलं. फार नाही, टायर अर्धा बुडेल इतकं. पलीकडून एक दुचाकीवाला येऊन थांबला, अलीकडे आम्ही. मैत्रीण म्हणाली, "जाईल गं, हळू घे." खरं सांगते, मलाही वाटलं जाईल. पण पाण्याचा रंग विटकरी होता आणि साकवाच्या कडेचे दगड दिसत नव्हते. मी इंजीन बंद करून कडेच्या एका खांबाकडे बघत बसले. पाच मिनिटांत त्यावरची चिखलाची रेघ पाण्याखाली गेली. गाडी वळवली. उसगावपर्यंत मागे येऊन मोठ्या रस्त्याने वाळपईला पोचायला दीड तास जास्त लागला.

या सबंध लेखातलं एवढंच घ्या. पावसात डोंगरात जाताना परत फिरण्याचा वेळ आधीच धरून निघा. रस्त्यावरून वाहतं पाणी गढूळ असेल आणि रस्त्याची कड दिसत नसेल, तर ते कितीही उथळ वाटो, परत फिरा. हातात दीड तास नसता तर मी नक्की गाडी घातली असती.

वाळपई ही गोव्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एक. संध्याकाळी बाजारात फिरलो. छत्रीचा उपयोग शून्य, रेनकोटच हवा. मुक्कामाची खोली साधी होती, कपडे काही वाळले नाहीत. दोन जास्तीचे जोड आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा. बुटांत रात्री कागद कोंबून ठेवले की सकाळी पाय घालता येतो. पेट्रोल वाळपईला किंवा सांखळीलाच भरून घ्या, घाटात चढल्यावर त्याची काळजी नको.

दुसऱ्या दिवशी चोर्ला. सत्तरीतल्या केरीचा नाका ओलांडला की चढ सुरू होतो. थोडं वर गेलं की खाली अंजुणे धरण दिसतं, मात्र धुकं सरकलं तरच. आम्हाला मिळून दोन मिनिटं दिसलं. हिरव्या डोंगरांच्या कुशीत मातकट पाणी, आणि मग कुणीतरी पडदा ओढावा तसं सगळं पांढरं.

या धुक्यात गाडी चालवणं हीच या प्रवासाची खरी परीक्षा. दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंतच उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न द्या. एसीची हवा पुढच्या काचेवर सोडा, नाहीतर आतून वाफ धरते. आणि फोटोसाठी वळणावर थांबू नका. बेळगावकडून येणाऱ्या मालगाड्यांना तुम्ही अगदी जवळ आल्यावरच दिसता.

नेमक्या अर्ध्या चढावर उजव्या वायपरचं रबर निसटून लोंबकळायला लागलं. काचेवर नुसता धातू खरखरतोय. रुंद जागा बघून थांबलो. मैत्रिणीने रबर खाचेत परत सरकवलं आणि केसांचा रबरबँड काढून टोकाला तीन वेढे देऊन आवळला. तो वेढा घरी पोचेपर्यंत टिकला. निघण्यापूर्वी मी टायर बघितले, ब्रेक बघितले, वायपर नाही. पावसाळ्यात आधी वायपरच बघायचे असतात. शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट, नवे घालूनच निघा.

थांबलो होतो तिथेच शीळ ऐकू आली. माणूस रमतगमत, सूर चुकवत चालला असावा तशी. मलबार शीळकरी कस्तूर. पक्षी दिसला नाही, पण पाऊण तास आम्ही दार उघडं ठेवून बसलो. पूर्ण प्रवासात मला सगळ्यात आवडलेली जागा हीच, आणि ती कुठल्याही नकाशावर नाही.

सुर्ला गावाचा फाटा याच वाटेवर लागतो. तिथल्या कड्यावरून समोरच्या दरीतला लाडक्याचा वझर दिसतो. वझर म्हणजे आपला धबधबा. आम्ही गेलो तेव्हा दरी धुक्याने भरलेली, वझर फक्त ऐकू आला. कड्याच्या खडकावर बाटल्यांच्या काचा पडल्या होत्या. फार वाईट वाटलं. हे सगळं म्हादई अभयारण्याच्या आसपासचं रान आहे; अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं. अनवाणी फिरू नका, आणि आपला कचरा पिशवीत घालून परत आणा. शनिवार-रविवार टाळा.

पुढे कर्नाटकात कणकुंबी. भाषा तीच, मराठी. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हे पाणी पूर्वेला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. इथून फार लांब नाही अशा देगावच्या रानात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला येऊन आमची मांडवी होते. एकाच डोंगरावरचा पाऊस, दोन समुद्रांकडे जाणारा. म्हादईच्या पाण्याचा गोवा-कर्नाटक वाद वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं वाचत आले, 2018 मध्ये लवादाचा निवाडा आला तरी तो मिटलेला नाही. पण या ओल्या देवळासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की भांडण किती अरुंद पट्टीवरच्या पाण्याचं आहे.

गरम भजी खाऊन दुपारी दोनला परत फिरलो. घाट चारच्या आत उतरा. सूर्य सातला मावळतो खरा, पण झाडीत पाचलाच अंधारून येतं. झाड पडून रस्ता अडला तर गोव्याच्या हद्दीत अग्निशमन दलाला 101 वर फोन करा, माणसाला लागलं तर 108. आणि हो, दूधसागर या दिवसांत मनातून काढून टाका. कुळ्याहून जीप बंद असतात आणि रेल्वेरुळांवरून चालत जायला मनाई आहे. अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायचं तर त्या वर्षी परवानगी आहे का, हे वनखात्याकडे आधी विचारा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात असू द्या.

उतरल्यावर रस्त्याकडेला एक मावशी प्लास्टिक पांघरून बसल्या होत्या. पुढ्यात सागाच्या पानांवर अळमी, म्हणजे रानातली अळंबी, मोजून लावलेली. ही रोयणीवर, म्हणजे वारुळावर उगवतात. सत्तरीच्या गावागावांत सातेरी देवीला वारुळाच्या रूपातच पुजतात. मैत्रिणीने विचारलं, "मावशी, रोयण मोडत नाही ना?" मावशी जरा रागावल्याच. "बाये, रोयणीक हात लावता? ती देवी." वरची तेवढी खुडायची, बाकी तशीच ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. भाव महाग असतो. घासाघीस करू नका, पहाटे रानात फिरून वेचलेली असतात.

अळमी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. मैत्रिणीची पुण्याची बस रात्री नऊला होती. साडेसहाला घरी पोचून दोघींनी ओट्याशी उभं राहून एकेक अळमी ओल्या फडक्याने पुसली, आईने खोबरं भाजलं, आणि अळम्यांची शागोती (भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा) गरम असतानाच डब्यात भरून तिला बसवर सोडलं.