अकरा महिने एकतीस दिवस

गुरुवार, २६ जून २०२५. दुपारी पावणेतीनला माझ्या पोर्टलवर एक अर्ज येऊन पडला. को-ऑप, म्हणजे अभ्यासक्रमात धरलेली सहा महिन्यांची इंटर्नशिप, तीन आठवड्यांनी वाढवून हवी होती. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. कंपनी, साहेब, पगार सगळं तेच. करिअर विभागाने 'अभिनंदन!' लिहून अर्ज माझ्याकडे पुढे ढकलला होता. तारखा त्यांनी पाहिल्या नसाव्यात. ते कधीच पाहत नाहीत.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात डीएसओ आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत ठेवायच्या, हे माझं काम. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला इंटर्नशिप करायची तर सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते, आणि ती सरकार नव्हे, आम्ही देतो. फी नाही, कार्ड नाही. ऑफर लेटर बघायचं, को-ऑपच्या कोर्सला नाव घातलंय ना ते तपासायचं, कंपनीचा पत्ता आणि तारखा भरायच्या आणि नवा आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी असल्याचा आम्ही देतो तो दाखला, छापायचा. त्याच्या दुसऱ्या पानावरच्या दोन ओळी म्हणजे परवानगी. त्यात २७ जून लिहिलं असेल, तर सोमवारी ३० तारखेला सवयीने कामावर जाऊन बसलेलं पोर बेकायदा नोकरी करत असतं.

घाई म्हणून मी लगेच तारखा भरायला घेतल्या आणि सवयीप्रमाणे माझी एक्सेलची फाइल उघडली. पहिलं को-ऑप ८ जानेवारी ते २८ जून २०२४, १७३ दिवस. दुसरं ६ जानेवारी ते २७ जून २०२५, पुन्हा १७३. बेरीज ३४६. त्यात १८ जुलैपर्यंतचे २१ दिवस.

३६७.

नियम असा, की पूर्णवेळ सीपीटी एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाली की त्या पातळीच्या पदवीनंतरची ओपीटी गेली. ओपीटी म्हणजे शिक्षण संपल्यावर बारा महिने काम करण्याची मुभा. इंजिनिअरिंगवाल्यांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळू शकतात, पण आधीचे बारा असतील तरच. तीन आठवडे जास्त काम केलं म्हणून तीन वर्षं जाणार होती.

हा सापळा कुणी मुद्दाम लावलेला नाही. उलट ज्या कुणी आमचं को-ऑपचं कॅलेंडर आखलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. पंचवीस-पंचवीस आठवड्यांचे दोन तुकडे आणि अठरा दिवसांची मोकळीक. कुठेही लिहून न ठेवता माणूस निवृत्त झाला. पुढच्यांना वाटलं, ही मोकळीक वापरायला आहे.

आणि प्रवेश विभाग. मेच्या अखेरीस व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणंच थांबलं होतं, ते १८ जूनला पुन्हा सुरू झालं. त्या तीन आठवड्यांत त्यांची झोप उडाली होती, आणि झोप उडाली की ते माहितीपत्रक काढतात. त्यांचं चुकतं असंही नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत अकरा लाखांवर परदेशी विद्यार्थी होते, त्यातले सुमारे २ लाख ४२ हजार ओपीटीवर. मुलं कामाच्या अनुभवासाठी येतात, मीही त्यासाठीच आले होते. इमारतींचे फोटो बघून कुणी कर्ज काढत नाही. पण 'पदवीआधी पूर्ण वर्षाचा अनुभव' हे वाक्य छापणाऱ्याला 'पूर्ण वर्ष' हे आमच्याकडे धोक्याचे शब्द आहेत हे ठाऊक नसतं.

मी तिला फोन लावला. नियम सांगितला. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "पण तुम्हीच तर वेबिनारमध्ये सांगितलं होतं, एक वर्ष."

सांगितलं होतं. २०२२ मध्ये, प्रवेश विभागाच्या आग्रहाखातर. 'एक वर्षाच्या आत' म्हटलं होतं की 'एक वर्ष', ते आता आठवत नाही. रेकॉर्डिंग असेल. मी ते उघडून पाहिलेलं नाही.

तीन आठवडे तिला का हवे होते, तेही तिने सांगितलं. एका पंपाची चाचणी होती. पंप कंपनीचा, पण तो ज्यावर बसवायचा तो सांगाडा, पाइप, दाब मोजायची उपकरणं, सगळी जुळवाजुळव पाच महिने तिने केलेली. एका फ्लॅंजमधून, म्हणजे पाइपांच्या जोडातून, पाणी झिरपायचं, ते तिने चार वेळा उघडून बसवलं होतं. सुटे भाग उशिरा आले म्हणून चाचणी लांबून सोमवार-मंगळवार, १४ आणि १५ जुलैवर गेली होती.

"मग १५ पर्यंत द्या," ती म्हणाली. तिने तेवढ्यात हिशोब केला होता. "३६४ होतात."

बरोबर होतं. पण नियमात '३६५ दिवस' असं कुठे लिहिलेलं नाही, 'एक वर्ष' लिहिलंय. मी महिन्यांनी मोजून पाहिलं. पहिलं को-ऑप पाच महिने एकवीस दिवस. दुसरं १५ जुलैपर्यंत सहा महिने दहा दिवस. एकूण अकरा महिने एकतीस दिवस. त्या एकतीस दिवसांना महिना म्हणायचं की नाही, हे पुढे ओपीटीचा अर्ज हातात घेणारा अधिकारी ठरवणार. तो दिवस मोजेल की महिने, यावर एका मुलीची तीन वर्षं लावायला माझं मन धजेना. मी ११ जुलै म्हटलं.

दुसरी वाट होती. आठवड्याला वीस तास किंवा कमी काम केलं तर ती अर्धवेळ सीपीटी, आणि ती या वर्षात मोजली जात नाही. ११ नंतर एकच आठवडा तिला अर्धवेळ ठेवा, असं मी कंपनीच्या एचआरला लिहिलं, नियमाचं कलम जोडलं. शुक्रवारी चार वाजता उत्तर आलं: को-ऑपचा करार अर्धवेळ करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तिचा साहेब त्यांच्याशी भांडला म्हणे. दोन दिवसांचा प्रश्न, पण पद्धत नाही म्हणजे नाही. पावणेपाचला मी ११ जुलै लिहिलेला आय-ट्वेंटी पाठवला.

पाच वाजता पुन्हा तिचा फोन. "चाचणीच्या सोमवारी मी नुसती बघायला गेले तर? पगार नको. कशाला हात लावणार नाही. उभी राहीन."

वरवर साधा प्रश्न. पण पगार न घेतल्याने काम हे काम राहत नाही असं नाही. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते. आणि जिने ते उभं केलं ती, फ्लॅंजमधून पाणी गळताना दिसलं तर हात मागे बांधून उभी राहील? मी तिच्या जागी राहिले नसते. मी म्हटलं, जाऊ नकोस.

"तुम्ही नियम सांगताय की सल्ला देताय?" तिने विचारलं.

"सल्ला."

ती गेली नाही. चाचणी झाली, एवढं तिने नंतर एका ओळीत कळवलं. पाणी गळलं का, ते लिहिलं नव्हतं आणि मला विचारवलं नाही.

ऑगस्टमध्ये प्रवेश विभागाचं नवं माहितीपत्रक तपासायला आलं. पहिल्याच पानावर ते वाक्य, आता मोठ्या टाइपात. मी ते खोडून समासात '३६४ पेक्षा कमी' असं लिहून परत पाठवलं. तासाभरात डिझायनरची मेल: हा तुमचा एक्स्टेन्शन नंबर आहे का, खाली संपर्कात टाकू?