घटस्थापना की दसरा? लेथच्या घसाऱ्याची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याचं, शॉप आहे. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्हापूरहून एक जुना लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापून गोल आकार देणारं मशीन, घेतला. मशीन, टेम्पो, फाउंडेशन धरून चार लाख. जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणून तो कर यात नाही.

मशीन आलं तेव्हा पितृपक्ष चालू होता. लेव्हलिंग करून झाकून ठेवलं. बाबा म्हणाले, "एवढं थांबलोय, दसऱ्यालाच सुरू करूया की." १२ ऑक्टोबरला झेंडूचा हार घालून पहिला शाफ्ट टर्न केला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

इन्कम टॅक्स रिटर्नच्या वेळी सी.ए. मॅडमनी विचारलं, "मशीन वापरात कधी आलं?" बिलाची तारीख सांगितली, तर म्हणाल्या, "खरेदीची नाही, चालू केल्याची सांगा."

घसारा म्हणजे मशीन झिजतं म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीचा जो भाग नफ्यातून वजा करता येतो तो. मशिनरीला तो वर्षाला १५ टक्के. पण खरेदीच्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच, साडेसात. १२ ऑक्टोबर ते ३१ मार्च भरतात १७१ दिवस. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी सुरू केलं असतं तर बरोबर १८० भरले असते! मुहूर्त तोही उत्तमच की.

राहिलेला घसारा बुडत नाही, शिल्लक किमतीवर पुढच्या वर्षांत मिळत राहतो. कायमचं गेलं ते वेगळंच. सौदा ठरला त्या दिवशी विकणाऱ्याला पन्नास हजार रोख दिले होते. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिली, तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरतच नाहीत. पावती असली तरी नाही. म्हणजे घसारा साडेतीन लाखांवर, २६,२५० रुपये. सगळं नीट केलं असतं तर पहिल्याच वर्षी साठ हजारांचा घसारा मिळाला असता.

शेजारच्या शॉपवाल्यांनी विचारलं, "आम्हाला का नाही मिळत?" ते छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजे नफ्याच्या योजनेखाली (आयकर कायद्याचं तेव्हाचं कलम ४४एडी) उलाढालीच्या सहा-आठ टक्के नफा दाखवतात. त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. आम्ही पहिल्यापासून पूर्ण हिशेब ठेवतो.

२०२५ मध्ये ड्रिल मशीन घेतलं. पैसे सगळे एनईएफटीने. दसरा २ ऑक्टोबरला आला होता. मी कॅलेंडर घेऊन ३१ मार्चपर्यंतचे दिवस दोनदा मोजले: १८१. मग बाबांना म्हटलं, "नारळ आणा."